कोथिंबिरीचा शेकडा

मारोती वाठोरे मूळचे हिंगोलीकडचे. पोटासाठी नवी मुंबईत आले, तुर्भ्याच्या कारखान्यात लागले आणि तिथूनच रिटायर झाले. मुलगी झाली तेव्हा त्यांनी तिचं नाव ठेवलं क्रांती. नाव ठेवताना त्यांच्या डोळ्यांपुढे मोर्चे असतील, भाषणं असतील, अगदीच नाही तर काळा कोट तरी असेलच. पोरगी शिकली, एम.एस्सी. झाली, बी.एड. झाली आणि कोपरखैरण्याच्या एका ज्युनियर कॉलेजात गृहव्यवस्थापन शिकवायला लागली.

"म्हंजे नेमकं काय शिकवतीस माय?" पहिल्या दिवशी मारोतीबाबांनी विचारलं.

"पैसा, वेळ आणि श्रम यांचं नियोजन, बाबा."

बाबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "हे तर तुझी आई जलमभर करत होती. तिला कुनी पगार दिला नाही."

दुसऱ्या एखाद्या मुलीला हे लागलं असतं. क्रांतीला ते वाक्य इतकं आवडलं की आज इतकी वर्षं ती जूनमधल्या पहिल्या तासाची सुरुवात त्याच वाक्याने करते. बापाने टोमणा मारला, लेकीने त्याचा अभ्यासक्रम केला. क्रांतीमॅडमचा स्वभाव कळायला एवढं पुरे आहे.

कॉलेजात या विषयाला मुलं 'पोळीभाजी' म्हणतात. "आता कसला तास आहे रे?" "पोळीभाजी." मॅडमना हे ठाऊक आहे. एकदा फळ्यावर त्यांनी स्वतःच मोठ्या अक्षरात 'पोळीभाजी' लिहिलं आणि एका पोळीभाजीला खरा खर्च किती येतो तो मुलांकडून काढून घेतला. गॅस धरला, पाणी धरलं, दळणाला रांगेत उभं राहिलेल्या आईचा वेळ धरला. हिशेब संपला तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, आपल्याला परवडत नाय, आपन वडापाव खाऊ." वर्ग हसला, मॅडम जास्त हसल्या, आणि लगेच वडापावचा हिशेब सुरू झाला.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न आहे: "गरज की हौस?" हा प्रश्न त्या कुणालाही विचारतात. नवीन बूट घालून आलेल्या मुलाला विचारतात, टिकली बदललेल्या सहकारी शिक्षिकेला विचारतात, एकदा तर दिराच्या लग्नात बॅण्डवाल्यांकडे बघून नवऱ्याच्या कानात विचारला होता. नवरा अश्विन हा शांत माणूस. जेएनपीटीकडच्या एका माल वाहतूक कंपनीत कारकून. तो म्हणाला, "क्रांती, आपण मुलाकडचे आहोत. आज तरी हौस म्हण."

दुकानात त्यांच्याबरोबर जायला घरात कुणी तयार नसतं. बिस्किटाचा पुडा त्या आधी उलटा करतात, मग मोबाइलची बॅटरी लावून मागची मुंगीएवढी अक्षरं वाचतात, मग मनातल्या मनात शंभर ग्रॅमला किती पडलं ते काढतात. तोवर अश्विन बिलाच्या रांगेत उभा राहून, नंबर आला की मागच्याला पुढे सोडून, परत शेवटी जाऊन उभा राहिलेला असतो.

पण मुलांना त्यांनी काय दिलं ते सौरभला विचारावं. सौरभ हा बारावीचा उंचापुरा मुलगा. विषयाच्या नावात 'व्यवस्थापन' आहे म्हणजे पुढे ऑफिसबिफिस, केबिन, खुर्ची असं काहीतरी असणार, या भरवशावर तो इथे आला आणि पहिल्याच आठवड्यात कणिक मळताना सापडला. त्याने हप्त्यावर फोन घेतला होता. 'झिरो टक्के व्याज' म्हणून सगळ्या वर्गाला दाखवत फिरत होता. मॅडमनी कौतुकाने फोन हातात घेतला, कौतुकाने परत दिला आणि म्हणाल्या, "छान आहे. आता तो कागद वाच. मोठ्याने." सौरभ वाचायला लागला. प्रोसेसिंग फी आली, विमा आला, न मागितलेलं कव्हर आलं, त्यावरचा टॅक्स आला. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. फुकटातला हप्ता रोखीपेक्षा चांगला दीड हजाराने महाग पडला होता. तेव्हापासून सौरभ बदलला. इतका बदलला की त्याची आई कॉलेजात आली आणि म्हणाली, "मॅडम, याला आवरा. घरात दुधाची पिशवी आणली तरी हा बिल मागतोय."

आता एवढ्या चोख बाईत काही खोट असू नये असं वाटेल. पण देव माणसाला घडवताना एखादा टाका कच्चा ठेवतोच. क्रांतीमॅडमचा कच्चा टाका म्हणजे ठोक खरेदी.

'मोठा पॅक' हे शब्द दिसले की त्यांचे डोळे पाणावतात. एकावर एक फ्री म्हटलं की त्या दोन घेतात आणि दोन फ्री मिळवतात. घरातला पोटमाळा म्हणजे एक गोदाम आहे. तिथे फिनेल आहे, कॅनमध्ये. साबण आहेत. टूथब्रश इतके आहेत की मारोतीबाबा एकदा वर बघून म्हणाले, "माय, माझे राह्यलेत सात दात. ह्ये ब्रश कुनाला?"

"बाबा, एका ब्रशचा भाव बघा ना!"

"भाव बघू का दात बघू?"

अभ्यासक्रमात 'घाऊक खरेदीचे फायदे' असा एक भाग आहे. तो त्या असा रंगवून शिकवतात की पोरं भारावून घरी जातात आणि आईला पाच किलो जिरं आणायला सांगतात. त्याच्यापुढे 'घाऊक खरेदीचे तोटे' असाही अर्धा पानाचा भाग आहे. तिथे त्या पोचतात आणि नेमकी बेल होते. दर वर्षी होते. "तो तुम्ही घरी वाचा," म्हणतात.

तर अशा क्रांतीमॅडमना जानेवारीतल्या एका दुपारी प्रिन्सिपॉल शहाजी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. शहाजी सर भला माणूस, पण घाबरट. वाईट बातमी सांगायची असली की ते आधी चहा मागवतात. त्या दिवशी चहाबरोबर खारी पण आली, तेव्हाच मॅडमनी ओळखलं.

"मॅडम, ट्रस्टचं म्हणणं असं आहे," सर खारी बुडवत म्हणाले, "की आता जमाना रोबोटिक्सचा आहे."

"असू दे की, सर."

"हो, पण त्याला रूम लागते. आणि मोठी, हवेशीर, पाण्याची सोय असलेली रूम आपल्याकडे एकच आहे."

ती रूम म्हणजे क्रांतीमॅडमची प्रॅक्टिकलची खोली. चार ओटे, चार शेगड्या, भिंतीला फळी आणि फळीवर डबे. त्यातला प्रत्येक डबा मॅडमनी कुठून ना कुठून मिळवलेला. खोली गेली की प्रॅक्टिकल नाही. प्रॅक्टिकल नाही की विषय नाही. आणि विषय गेला की मॅडम सरकारी भाषेत 'अतिरिक्त'. मग जिथे जागा रिकामी असेल तिथे जायचं, हिंगोलीलासुद्धा. अतिरिक्त या शब्दाचं त्यांना विशेष वाईट वाटलं. पोटमाळ्यावरच्या फिनेललाही त्यांनी कधी अतिरिक्त म्हटलं नव्हतं.

"शनिवारी एक वाजता कमिटी येतेय. स्वतः चेअरमनसाहेब येतायत. काहीतरी इम्प्रेसिव्ह दाखवा मॅडम. प्रोजेक्टर हवा असेल तर देतो."

चेअरमन हौसेराव म्हात्रे हे इथल्या मूळ गावातले. शहर वसायच्या आधी जिथे त्यांच्या वडिलांची भातखाचरं होती तिथे आता सेक्टर आहेत, आणि त्यातल्या एका सेक्टरात हे कॉलेज. पांढरा शर्ट, गळ्यात चेन, मनाने राजा. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मागच्या गॅदरिंगला ते मॅडमना तोंडावरच म्हणाले होते, "मॅडम, पोरांना पोल्या शिकवाला कॉलेज कशाला पायजे? घरा आया नाय का?"

मॅडमनी प्रोजेक्टर नाकारला. बारावीच्या वर्गापुढे त्यांनी सगळं जसं आहे तसं मांडलं. "आपण कमिटीला आणि स्टाफला जेवायला घालायचं. पंचवीस पानं, पंधराशे रुपयांत. मेनू तुमचा, खरेदी तुमची, रांधणं तुमचं. आणि खर्चाचा पै न् पैचा हिशेब फळ्यावर. ते बघतील आणि मग ठरवतील."

"आणि नापास झालो तर?" सौरभने विचारलं.

"तर इथे रोबो पोळ्या लाटतील."

मेनू ठरवला अबोलीने. अबोली वर्गातली सगळ्यात कमी बोलणारी मुलगी. पण बोलली की समोरच्याला आपला शर्ट उलटा घातलाय का हे बघावंसं वाटतं. वरण, भात, पोळी, फ्लॉवर-बटाटा, कोशिंबीर आणि एक कोथिंबीर वडी. तिने प्रत्येक जिन्नस किती लागेल ते मांडून दाखवलं. कोथिंबीर सहा जुड्या.

"भाजी नाक्यावरून आणायची?" ती म्हणाली.

आणि इथे मॅडमचा कच्चा टाका उसवला.

"नाक्यावरून? अगं, बाजूला एवढी एपीएमसी आहे! अख्खी मुंबई तिथून खाते आणि आपण नाक्यावरून घ्यायचं? मी येते बरोबर. मुलांना ठोक बाजार दाखवणं हाही शिक्षणाचाच भाग आहे."

शनिवारी पहाटे मॅडम, सौरभ आणि अबोली रिक्षा करून एपीएमसीच्या भाजी मार्केटात पोचले. रात्रीच आलेल्या ट्रकांतून माल उतरत होता. हमाल "बाजू, बाजू!" करत डोक्यावर क्रेट घेऊन धावत होते. थंडीचे दिवस, पालेभाजी उतू चाललेली. एका गाळ्यापुढे कोथिंबिरीचा डोंगर लागला होता, हिरवागार, अंगावर पाणी मारलेला. त्याचा वास आला आणि मॅडमची चाल मंदावली.

"कोथिंबीर काय भाव?"

"सहाशे," व्यापारी मान वर न करता म्हणाला.

"सहाशेला काय?"

"शेकडा."

मॅडम थांबल्या. त्यांच्या डोक्यात भागाकार झाला आणि चेहऱ्यावर उजाडलं. "सौरभ! सहा रुपये जुडी! आणि जुडी बघ केवढी आहे, नाक्यावरच्या तीन होतील. तिथे पंचवीसला देतो तो लुटारू!"

"मॅडम, आपल्याला सहा लागतात," अबोली म्हणाली.

"भाऊ, सहा जुड्या देता?"

"शेकड्याखाली नाय. सुट्टं बाहेर."

मॅडमनी डोंगराकडे पाहिलं. मग दोन्ही मुलांकडे पाहिलं. मग परत डोंगराकडे पाहिलं. हौस माणसाला कशी धरते हे पुस्तकात वाचून कळत नाही, चेहऱ्यावर बघावं लागतं.

"मॅडम," अबोलीने अगदी हळू विचारलं, "गरज की हौस?"

"ही गुंतवणूक आहे," क्रांतीमॅडम म्हणाल्या आणि पर्स उघडली.

शंभर जुड्या म्हणजे किती हे शंभर जुड्या समोर बांधून पडल्याशिवाय कळत नाही. त्या उचलायला हमाल लागला. हमालाने हमाली घेतली. रिक्षावाला दोन गठ्ठे बघून "मॅडम, हे भाजीचं आहे, पॅसेंजरचं नाही" म्हणून निघून गेला. मग टेम्पो लागला. टेम्पोवाल्याने टेम्पोचे घेतले. आणि सगळं लादून टेम्पो मार्केटच्या गेटातून बाहेर पडला तेव्हा गेटापाशी फाटक्या गोणपाटावर बसलेली एक बाई तीच कोथिंबीर, तश्शाच जुड्या, हवी तेवढी, दहाला एक अशी विकत होती.

सौरभने मॅडमकडे बघितलं. मॅडमनी समोर बघितलं. अबोलीने मोबाइल काढून काहीतरी हिशेब केला आणि परत ठेवून दिला. टेम्पोत नुसता वास.

कॉलेजात पोचले तेव्हा वर्ग जमला होता. गठ्ठे उतरले. एका मुलाने विचारलं, "मॅडम, बाकीची भाजी?"

"आता ते…" मॅडम म्हणाल्या. पंधराशेतले सातशेच उरले होते. त्यात तूरडाळ, तांदूळ, कणिक, तेल, फ्लॉवर, बटाटा. मॅडम स्टुलावर बसल्या. एवढ्या वर्षांत त्या या खोलीत कधी बसल्या नव्हत्या. चारही शेगड्यांवरून त्यांची नजर फिरली. 'स्वस्त जुडीच्या लोभापायी घालवली मी ही खोली,' असं त्यांच्या मनात आलं असावं. कारण त्या जे म्हणाल्या ते एवढंच: "मुलांनो, मी खरंच गाढव आहे."

"मॅडम, ते नंतर बोलू," अबोली म्हणाली. "आत्ता साडेसात झालेत. सोसायट्यांत मॉर्निंग वॉकवाले परत येतायत. वीस जुड्या ठेवा, बाकीच्या विकू. पंधराला एक. नाक्यावर पंचवीस आहे."

"चला, मी पण येते!"

"तुम्ही नका, मॅडम. तुम्ही आणखी काहीतरी घेऊन याल."

वर्गाची पाच टोळकी पाच सोसायट्यांच्या गेटांवर गेली. सौरभ ओरडायला लाजेल असं वाटलं होतं. पण त्याचा आवाज असा फुटला की तिसऱ्या मजल्यावरची एक आजी बाल्कनीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडू लागली. एका काकांनी दहाला मागितली तर त्याने त्यांना वाहतूक, हमाली आणि श्रममूल्य समजावून सांगितलं. काकांनी कंटाळून दोन घेतल्या. वॉचमनने एक घेतली, इस्त्रीवाल्याने घेतली, दुधाच्या बूथवाल्या बाईने तीन घेतल्या आणि "उद्या येनार का?" म्हणून विचारलं. साडेनवाला मुलं परत आली तेव्हा गेलेले पैसे परत आले होते, वर चारशे जास्तच. डाळ आली, तांदूळ आले, फ्लॉवर आला. शेगड्या पेटल्या.

पण वीस जुड्यांचं काय करणार? वड्या केल्या. चटणी केली. भातात घातली, वरणावर घातली, कोशिंबिरीत घातली, फ्लॉवर तर शोधावा लागत होता. पोळीच्या कणकेत पण कुणीतरी चिरून टाकली. साडेबाराला शहाजी सर डोकावले आणि दारातच उभे राहिले. सगळं हिरवं. फळ्यावर हिशेब, आणि हिशेबात पहिलीच ओळ: कोथिंबीर, शंभर जुड्या. खाली हमाली. खाली टेम्पो.

सर पुढे आले, आवाज खाली आणून म्हणाले, "हे काय मॅडम?"

मॅडमनी सांगितलं.

"बरं, बरं. पण पैसे परत आले ना? मग गेले-आले सारखं झालं. पुसा ते. आपण सांगू ग्रीन थीम आहे. ग्रीन! पर्यावरण! चेअरमनसाहेबांना आवडेल."

मॅडमनी डस्टर उचललं. त्यांचा हात फळ्याकडे गेला आणि 'कोथिंबीर'मधला 'को' पुसलाही गेला. मागे वर्ग उभा होता. सौरभ वडी उलटायची सोडून बघत होता. अबोली नेहमीसारखी गप्प. पण तिचं गप्प बसणं कधीच रिकामं नसतं.

मॅडमनी डस्टर ठेवलं, खडू घेतला आणि 'को' परत लिहिला. पहिल्यापेक्षा मोठा.

"मॅडम, अहो रूम जाईल," शहाजी सर रडवेले झाले.

"जाऊ दे, सर. या मुलांना मी दोन वर्षं सांगतेय की हिशेब लपवायचा नसतो. आज लपवला तर रूम राहील आणि शिकवायला तोंड राहणार नाही."

एक वाजता कमिटी आली. पुढे हौसेराव, मागे टाय लावलेले एक साहेब आणि आणखी चार-सहा जण. हौसेरावांनी पानाकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं.

"ह्ये काय हाय मॅडम? कोथमिरीचा सप्ताह हाय का काय?"

"नाही साहेब. चूक आहे," क्रांतीमॅडम म्हणाल्या. "सहा जुड्या लागत होत्या, मी शंभर घेतल्या. पैसे कॉलेजचे, चूक माझी. मुलांनी निस्तरली. कशी ते तीच सांगतील. आणि मी काय चुकले, तेही त्यांनाच विचारा."

एवढी परवानगी मिळाल्यावर बारावीच्या वर्गाला दुसरं काय हवं?

"पहिली चूक म्हणजे," सौरभ पुढे आला, झारा हातातच, "भाव स्वस्त दिसला म्हणून मॅडमना गरज वाटायला लागली. आधी गरज बघायची असते."

"दुसरी म्हणजे नाशवंत माल," मागून एक मुलगी ओरडली. "साबण ठोकात घ्या, कोथिंबीर घेऊ नका!"

"मॅडमनी एकाच गाळ्यावर भाव विचारला. चौकशी नाही केली."

"हमाली नि टेम्पो धरला तर सहाची जुडी कितीला पडली ते बघा साहेब, उजवीकडे लिहिलंय!"

"शेकड्यात विकतात हे मॅडमना माहीतच नव्हतं. बाजाराची माहिती न घेता बाजारात गेल्या."

"आणि सल्ला दिला तो ऐकला नाही," अबोली म्हणाली. "मी तिथे सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," मॅडमनी मान डोलावली. कान लाल झाले होते.

टायवाल्या साहेबांनी विचारलं, "हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं? पुस्तकात आहे?"

"घाऊक खरेदीचे तोटे, अर्धं पान," सौरभ म्हणाला. "ते मॅडम शिकवत नाहीत सर, त्यांची बेल होते. आम्ही घरी वाचलं."

हौसेराव एवढे हसले की त्यांना ठसका लागला. कुणीतरी पाणी दिलं. मग ते पानावर बसले, एक वडी खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरीला थांबले आणि अबोलीकडे बोट केलं.

"ए पोरी, तू सांग. आमच्याकडं नातवाची हळद हाय म्होरल्या महिन्यात. दोन डीजे सांगितल्यान. बरोबर का चूक?"

"दोन कशाला?"

"एक पोराच्या दोस्तांनी सांगितला, एक मामानं सांगितला."

"म्हणजे दोन्ही एकदम वाजणार?"

हौसेरावांनी विचार केला. "कसं वाजतील? एक वाजल, दुसरा ऐकल."

"आणि पैसे?"

"दोगांना!"

खोलीत हशा पिकला. कमिटीतले लोक पण हसले, आणि चेअरमन हसतायत की नाही हे बघून आणखी हसले. हौसेराव मात्र हसता हसता थांबले. बोटाने चटणी चाखत म्हणाले, "बघ. माज्या घरा तीस-चाळीस मान्सा हायेत. मी काय पन केला तरी 'बरोबर दादा, बरोबर दादा'. कोनी तोंडावर बोलत नाय. हितं पोरा मास्तरीनबाईला तिच्यासमोर वाजवतान, आनि ती बाई मान हालवते." ते शहाजी सरांकडे वळले. "ही रूम नाय काढायची. ह्ये असला शिकवत्यान तर शिकवू द्या."

"पण साहेब, रोबोटिक्स?" सरांचा जीव अर्धाच भांड्यात पडला होता.

"त्या ट्रस्टच्या केबिनीत लावा."

"तिथे आपला सोफा आहे, साहेब."

"त्याच्यावर कोन बसतो? मी हितं वर्षातून दोनदा येतो, ते पन उभा. आनि मॅडम, ह्या पोरीला घेऊन एकदा घरा या. त्या दुसऱ्या डीजेचा तुमीच सांगा आमच्या मंडळीला. मना नाय जमायचा."

जाताना त्यांनी उरलेल्या वड्या डब्यात मागून घेतल्या. शहाजी सर त्यांना गाडीपर्यंत सोडायला धावले.

खोलीत भांड्यांचा ढीग, ओट्यांवर हिरवे देठ. क्रांतीमॅडम पदर खोचून भांडी घासायला निघाल्या तेवढ्यात अबोली प्रॅक्टिकलची वही घेऊन पुढे आली.

"मॅडम, मार्क द्यायचेत. तुमचाच नियम आहे, ज्याने खरेदी केली त्याला खरेदीचे मार्क वर्ग देतो. वीसपैकी."

"अगं, पण आज खरेदी मी…" मॅडम थांबल्या. "बरं. किती?"

"सहा."

"सहा! नापास?"

"वर्गाने मिळून दिलेत. मी मध्ये नाही बोलले."

"अगं, पण वड्या किती सुंदर झाल्या! चेअरमननी डबा भरून नेला."

"तो रांधण्याचा मार्क. तो सौरभच्या गटाला."

मॅडमनी ओल्या हाताने केस मागे सारले. आवाज थोडा लाडीगोडीचा झाला. "आणि चूक फळ्यावर ठेवली, सगळ्यांसमोर कबूल केली, त्याचे काहीच नाहीत का?"

"त्याचे धरूनच सहा आहेत, मॅडम."

मागे सौरभने काहीतरी गिळल्यासारखा आवाज काढला. मॅडमनी वहीवर नजर टाकली, अबोलीचं पेन घेतलं आणि खाली सही केली. हात पुसत म्हणाल्या, "मग फेरपरीक्षा?"

"सोमवारी. नाक्यावरून सहा लिंबं आणायची, सुट्टी. सौरभ बरोबर येईल. तुम्ही फक्त लिंबांपाशी थांबायचं, बाजूच्या गाड्यावर बघायचं नाही."

"ठीक आहे," क्रांतीमॅडम म्हणाल्या आणि बादलीकडे वळल्या. मग परत फिरल्या. "पण अबोली, त्याने डझनाचा भाव चांगला लावला तर?"